थंडेरावांचा हात

आमच्या ह्यांना सारा बाजार थंडेराव म्हणतो. हे नाव फ्रीज दुरुस्त करण्यावरून पडलं, स्वभावावरून नाही. ज्या माणसाचा पारा चप्पल जागेवर सापडली नाही तरी चढतो, त्याला थंडेराव म्हणणाऱ्यांनी एक दिवस आमच्या घरी राहून दाखवावं. मी इतकी वर्षं राहिले आहे. मला आता त्याचं काही वाटत नाही, कारण ह्यांचा राग दुधासारखा आहे. भसकन वर येतो आणि आच कमी केली की मुकाट खाली बसतो. आच कमी करायचं काम माझ्याकडे.

खाली दुकान, वर घर, मधे एक अरुंद जिना. दुकानात दारं काढलेले फ्रीज उभे असतात, खिळ्यांना तांब्याच्या नळ्यांची वेटोळी लटकलेली असतात आणि टेबलावर चहाच्या कपांचे इतके गोल डाग आहेत की मूळ रंग कुठला ते आता कुणालाच आठवत नाही. फोन मात्र वर, माझ्याकडे. गिऱ्हाईक रडतं ते माझ्यापाशी. ‘फ्रीज थंड करत नाही’ असं कुणी म्हटलं की मी आधी विचारते, दार नीट लागतं का, मागची जाळी शेवटची कधी पुसली, भिंतीला चिकटवून तर ठेवला नाही ना. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. ह्यांना ते खपत नाही. “फोनवरच फ्रीज दुरुस्त करायला लागलीस, तर मी खाली बसून माश्या मारू का?” असं म्हणतात, आणि संध्याकाळी दुकानात चार लोकांना मोठ्या तोऱ्यात सांगतात, की आमच्या घरात डॉक्टरपेक्षा कंपाउंडर हुशार आहे.

ह्यांची कामाची पद्धत जगावेगळी. दुसरे मेकॅनिक आल्या आल्या मीटर काढतात. हे आधी हात लावतात. बोटांची मागची बाजू आधी मागच्या नळीला, मग फ्रीजरच्या पत्र्याला, मग आतल्या भिंतीला, आणि हे सगळं डोळे मिटून. ह्यांच्या हिशेबी गारव्याच्या तीन जाती आहेत. खालच्या कप्प्यात हवा तो ‘नुसता गार’. त्याच्यावरचा ‘हाडाला गार’, तो खालच्या कप्प्यात लागला तर समजायचं, काहीतरी बिनसलंय. आणि तिसरा ‘दुखरा गार’, तो फक्त फ्रीजरच्या पत्र्याला शोभतो. हातानं निकाल दिला की मग मीटर पिशवीतून निघायचं, आणि ते बिचारं दर वेळी ह्यांचीच री ओढायचं. जावईबापूंनी एकदा फ्रीजमध्ये ठेवायचा डिजिटल थर्मामीटर भेट दिला. “छान आहे हो,” असं म्हणून ह्यांनी तो खोक्यासकट माळ्यावर टाकला.

तर अशा माणसाच्या घरचा फ्रीज बिघडला.

सुरुवात ह्यांनीच केली. एके सकाळी दूध काढायला हात आत घातला आणि तसेच उभे राहिले. “गार लागत नाहीये,” म्हणाले.

“मला तर लागतंय,” मी म्हटलं.

“तुला काय कळतंय त्यातलं!” आणि दारावरचं बटण दाबदाबून गारवा वाढवून ठेवला.

दुसऱ्या दिवशी पालक काढला तर जुडी काठीसारखी ताठ. अंड्यांना उभ्या चिरा गेलेल्या. दुधाचा असा गोळा झाला होता की पातेलं उपडं केलं तरी तो हलेना. मी सगळं टेबलावर मांडून ठेवलं, एक अक्षर बोलले नाही. कधी कधी गप्प राहिलं की जास्त ऐकू जातं. ह्यांनी अंडं हातात घेऊन फिरवून फिरवून पाहिलं, पुन्हा फ्रीजच्या आतल्या भिंतीला बोटं लावली आणि निकाल दिला, “सेन्सर गेला.”

सेन्सर म्हणजे शेंगदाण्याएवढा एक मणी. दोन तारांना लटकलेला असतो, आतल्या भिंतीत, प्लास्टिकच्या झाकणामागे. आत किती गारवा आहे ते तो मशीनला कळवत राहतो. त्यानं ‘पुरे’ म्हटलं की मोटर थांबते. तो खोटं बोलायला लागला तर मोटर नुसती धावत सुटते आणि भाजीचे दगड होतात. त्यामुळे ह्यांचं म्हणणं मला पटलं. भिंत ह्यांच्या हाताला गार लागत नाही आणि दूध मात्र गोठतं, म्हणजे मधे कुणीतरी खोटं बोलतंय, हे तर उघडच होतं.

ह्यांनी नवा सेन्सर बसवला. हात लावला, गारवा वाढवला. दूध गोठलं. पुन्हा सेन्सर बदलला. “हल्ली मालच भिकार येतो,” म्हणाले. हात लावला, गारवा वाढवला. टोमॅटो असे झाले की एक फरशीवर पडला तो टणकन वाजला. मग मात्र मी स्टुलावर चढून माळ्यावरचं खोकं काढलं आणि तो थर्मामीटर आत ठेवला. थोड्या वेळानं बघितलं तर आकडा शून्याच्याही खाली. मी ह्यांना दाखवला.

“जावयानं दिलेला आहे. स्वस्तातला असणार,” हे म्हणाले.

म्हणजे पहिला सेन्सर खोटा, दुसरा खोटा, तिसरा खोटा, थर्मामीटर खोटा, जावई चिकट आणि बायको अडाणी. उभ्या घरात एकटे हेच खरे! मला हसू आलं होतं. खरंच हसले मी तेव्हा, आणि आता ते आठवलं की जिवाला लागतं.

दोन दिवसांनी चष्मेवाल्या बाईंचा फोन आला. दोन बसथांबे पुढच्या चौकात त्यांचं चष्म्यांचं दुकान आहे, मागे घर. ह्यांनी आदल्याच आठवड्यात त्यांचा फ्रीज तपासून दिला होता. बाई स्वभावानं गोड. म्हणाल्या, “थंडेरावांना म्हणावं, येताना हातोडी घेऊन या. काकडी फोडायची आहे.” मी हसून वेळ मारून नेली, बटण कमी करून ठेवायला सांगितलं. फोन ठेवला आणि मनाशी हिशेब मांडला. आमच्याकडे गोठतंय, त्यांच्याकडेही गोठतंय. दोन्ही घरचे फ्रीज वेगळे, सेन्सर वेगळे. दोन्हीकडे सारखं होतं ते एकच, गारवा लावून देणारा हात.

पण असं तोंडावर कसं बोलायचं? मी दुसरी वाट धरली. दुपारी जेवणं झाल्यावर म्हटलं, “अहो, ते तिन्ही सेन्सर एकदा बर्फाच्या पाण्यात घालून बघू या का? तुम्हीच शिकवलंय मला.”

ती परीक्षा सोपी आहे. पेल्यात बर्फाचा चुरा भरायचा, तो भिजेल एवढंच पाणी घालायचं, ढवळायचं. ते पाणी शून्यावर असतं, त्यात वाद नाही. सेन्सर त्यात बुडवून मीटर लावायचं. गारवा वाढला की मीटरवरचा आकडा चढतो, आणि शून्याला तो किती हवा हे ठरलेलं आहे. तेवढा आला तर सेन्सर चांगला, नाही आला तर कचऱ्यात. ह्यांनाही ते पटलं, किंवा तिघांना एकदाचं खोटं पाडायची संधी मिळतेय म्हणून आवडलं असेल.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर आम्ही समोरासमोर बसलो. मी मीटर धरलं. ह्यांनी सेन्सरचा मणी दोन बोटांत पकडून पेल्याच्या तळापर्यंत नेला, कारण तो तरंगून वर आला तर आकडा चुकतो. पहिला मणी. आकडा चढत चढत हवा तिथे येऊन थांबला. “बरोबर आहे,” मी म्हटलं. “थांब जरा, अजून मुरू दे,” हे म्हणाले. मग कंपन्यांवर घसरले. पूर्वीचा माल कसा होता, आताचा कसा आहे, कारखान्यात कुणाला कशाचं सोयरसुतक राहिलेलं नाही. दुसरा मणी. तोही बरोबर. हे बोलतच होते. तिसरा मणी.

मी मीटर बघायचं सोडून पेल्याकडे बघायला लागले. अशा पाण्यात मी एकदा बोट घातलं होतं, तर ‘आई गं’ म्हणून क्षणात बाहेर काढलं होतं. ह्यांची बोटं त्यात मघापासून होती. मणी बदलताना बाहेर यायची, की लगेच आत. कपाळावर आठी नाही, हाताची चुळबुळ नाही. कोमट पाण्यात हात घालून बसल्यासारखे निवांत बसले होते.

“अहो,” मी म्हटलं, “हात काढा.”

“का? आकडा आला का?”

“हात काढा आधी.”

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग खाली पेल्याकडे. हात बाहेर काढला. बोटं लालभडक झाली होती, टोकं पांढरी. ते आपल्या बोटांकडे असे बघत राहिले, जणू कुणी परका माणूस आपला हात टेबलावर विसरून गेला आहे.

“तिन्ही चांगले आहेत ना?” म्हणाले.

“तिन्ही चांगले आहेत.”

मी टॉवेलात त्यांचा हात गुंडाळला. तर्जनीवर दोन दिवसांपासून पट्टी होती. विचारलं होतं तेव्हा ‘पत्रा लागला’ म्हणाले होते. ती मी सोडली. आत मोठा फोड होता, भाजल्याचा. तांब्याची नळी जोडताना गॅसच्या ज्योतीनं ती लालबुंद तापवावी लागते, आणि ह्यांनी तापलेल्या नळीवर बोट टेकवलं होतं. कळलंच नव्हतं. वास आला म्हणून बघितलं, म्हणाले. आज बोट भाजलं, उद्या काय भाजेल?

“कधीपासून आहे हे?” मी विचारलं.

“मला वाटलं, फ्रीजच गार नाहीत,” ते म्हणाले. “खरंच सांगतो. मला वाटलं, बाजारातले सगळेच सेन्सर खराब येताहेत. प्रत्येक घरात हात लावतोय, कुठेच गार लागत नाही. मी म्हटलं, एवढ्या लोकांचे फ्रीज एकदम कसे बिघडले?”

आणि एवढं बोलून ते हसले. मी मात्र पदर तोंडाला लावला.

डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि साखर निघाली. बरीच जुनी, अंगात मुरलेली. तिनं बोटांच्या नसा खाल्ल्या होत्या. औषध, पथ्य आणि चालणं नीट ठेवलं तर पुढचं नुकसान थांबेल, पण गेलेलं परत येईलच असं सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. आणि ज्योतीचं काम बंद. ह्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मला ती शांतताच सहन होईना. हा माणूस डॉक्टरांशी हुज्जत घालत नाही म्हणजे काय?

दुकानाचं दार खाली ओढलेलं राहिलं. मी फोनवर ‘बाहेरगावी गेलेत’ म्हणून सांगू लागले. बाहेरगावी गेलेला माणूस माझ्या स्वयंपाकघरात बसून डबे उंचीप्रमाणे लावत होता, त्यामुळे मला हळद सापडायची नाही. लेकीनं फोन केला. “बाबा, मीटर लावून करायची कामं. कितीतरी लोक तसंच करतात.”

“मग लोकांनी त्यांनाच बोलवावं की,” हे म्हणाले. “मीटर सगळ्यांकडे आहे. मी कशाला?”

रागानं नाही बोलले. तेच वाईट. रागावले असते तर मला आच कमी करता आली असती. पण इथे चूलच थंड होती, आणि ती पुन्हा पेटली नाही तर ह्या माणसाचं काय होणार, ह्या विचारानं मला घास गोड लागेना. ह्यांना दुसरं काही येत नाही. पत्ते येत नाहीत, गप्पा मारता येत नाहीत, बागेत बसलं तर बाकाचे स्क्रू ढिले आहेत म्हणून उठतात.

मग चष्मेवाल्या बाईंचा पुन्हा फोन आला. बटण कमी केलं तर आता दही आंबतंय, जास्त केलं तर काकडी दगड होतेय. “एकदा येऊन बघता का?” मी ह्यांच्याकडे बघत बघत म्हटलं, “हो, आज संध्याकाळी येतो आम्ही.”

“आम्ही म्हणजे कोण?” फोन ठेवल्यावर ह्यांनी विचारलं.

“तुम्ही, आणि माझा हात.”

हे उठून पिशवीत मीटर आहे का ते पाहू लागले.

बाईंच्या घरी हे फ्रीजसमोर उभे राहिले आणि मी त्यांच्यापुढे. लग्नात उभी राहिले तेव्हा इतकी गांगरले नव्हते. मी आतल्या भिंतीला बोटांची मागची बाजू लावली.

“कसं आहे?”

“गार आहे.”

“अगं गार तर असणारच, फ्रीज आहे तो! कुठलं गार?”

“जरा जास्त गार.”

“जरा जास्त म्हणजे? डोळे मीट. बोट काढून घ्यावंसं वाटतंय का?”

“वाटतंय.”

“लगेच, की थोड्या वेळानं?”

“थोड्या वेळानं. आत कुठेतरी ठणकल्यासारखं होतंय.”

“मग सरळ ‘हाडाला’ म्हण ना! इतकी वर्षं ऐकतेयस, एवढंही लक्षात राहिलं नाही?” बाईंच्या देखत मला असं फाडकन बोलले. एरवी मी घरी गेल्यावर ह्यांना चांगलं सुनावलं असतं. त्या दिवशी मात्र वाटलं, बोला, आणखी बोला.

मग मीटर काढून सेन्सर तपासला. सेन्सर ठणठणीत होता. पण त्याचं झाकण हुकातून सुटलं होतं आणि मणी आपल्या जागेवरून खाली लोंबत होता, भाजीच्या पिशव्यांमागे. पिशव्या जशा हलतील तसा त्याचा अंदाज बदलत होता. ह्यांनी तो जागेवर बसवला, झाकण पक्कं केलं. हे काम डोळ्यांनी आणि बोटांच्या सवयीनं होतं, त्याला गारवा कळावा लागत नाही. मग बाईंकडे वळले.

“मागच्या वेळी हे झाकण मीच उघडलं होतं. नीट बसलं नसणार. आणि गारवाही मीच चुकीचा लावून गेलो. माझ्या बोटांना हल्ली गार-गरम कळत नाही. म्हणून हिला आणलंय.”

मी जमिनीकडे बघत राहिले. एवढी मोठी कबुली ह्यांनी आपल्या लेकीलाही दिली नव्हती.

बाईंनी नाकावरचा चष्मा वर सरकवला. “आमच्या दुकानात येणारा प्रत्येक माणूस हेच सांगत येतो हो, फक्त बोटांऐवजी डोळ्यांचं,” त्या म्हणाल्या. “बसा. चहा टाकते, बिनसाखरेचा. वहिनींनी दुपारी पुन्हा फोन करून सांगून ठेवलंय मला.”

ह्यांनी माझ्याकडे असा कटाक्ष टाकला की घरी गेल्यावर माझी धडगत नव्हती.

फ्रीजर बघायचा राहिला होता, तो चहा होईपर्यंत बघितला. मी पत्र्याला बोटं लावली आणि हे मोटरच्या आवाजाकडे कान लावून बसले. “ठेव. अजून ठेव. चिकटतंय का? आता?” मी दात आवळून ठेवली बोटं. शेवटी म्हटलं, “दुखरं! दुखरं आहे हो, अगदी दुखरं!” तेव्हा कुठे त्यांचं समाधान झालं. बाईंना म्हणाले, “गॅस बरोबर आहे. काळजी करू नका.” अगदी पूर्वीच्याच तोऱ्यात म्हणाले.

परतताना चौकातल्या बसथांब्यावर टेकलो. बस यायला अवकाश होता. मी हात झटकत होते, बोटांची आग आग होत होती. ह्यांचं लक्ष गेलं. “दुखतंय?” विचारलं. मी मान हलवली. रस्त्यानं चालताना हे माझ्यापुढे दहा पावलं असतात, सगळ्यांना माहीत आहे. त्या दिवशी भर चौकात त्यांनी माझा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि चोळायला लागले. हळूहळू, खालपासून वरपर्यंत, एकेक बोट. समोरचा फळवाला बघत होता, पण त्यांनी तिकडे पाहिलंही नाही.

“गरम झाला की सांग,” ते म्हणाले. “मला कळायचं नाही.”

मी बरं म्हटलं. ते चोळत राहिले. दोन माणसं येऊन बाकाच्या टोकाला बसली, एक बस आली आणि गेली, ती आमची नव्हती. हात केव्हाच गरम झाला होता.

“झाला का?” त्यांनी विचारलं.

“अजून नाही,” मी म्हटलं.